उभ्याचं तिकीट

१२ सप्टें., शुक्रवार. वॉटफर्ड

दादाच्या डोळ्यात आज तिसरं इंजेक्शन. डॉक्टर बाई सरळ बोलणारी, मला आवडली. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील. हिवाळ्यानंतर किती उरेल ते सांगता येत नाही.

बसमधून उतरल्यावर दादा म्हणाला, "शांते, गोलीला कडेचंच बघावं लागतं. मधला बॉल काय, कुणालाही दिसतो." पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा गोली होता तो, नऊ वर्षं. सबंध कोल्हापूर त्याला ओळखायचं. मोडक्या करंगळीसकट अजून तोच आहे.

चहा घेताना म्हणाला, "हॉर्स्टचं मैदान तेवढं बघायचं राहिलं."

हॉर्स्ट म्हणजे दादाच्या फॅक्टरीत शेजारच्या मशीनवरचा जर्मन. बावीस वर्षं चहाच्या सुट्टीत दोघांचं एकच चालायचं. तो त्याच्या क्लबच्या उभ्या स्टँडचं सांगायचा, जिथं सामना उभ्यानंच बघतात, हा तालमीचं. "एकदा नेतो तुला." मग वहिनींचं आजारपण. मग हॉर्स्टच गेला.

मी नेणार. ऑक्टोबरमधल्या तिसऱ्या शनिवारी जर्मनीत, त्यांच्या घरच्या मैदानावर सामना आहे. ठरलं.

१४ सप्टें., रविवार

रेवा जेवायला आली. दादाची मुलगी, लंडनला बँकेत असते. बापाच्या डोळ्यांचं ऐकून आधी रडली, मग लगेच फोन काढला.

"आत्या, इट्स सिंपल. रीसेल साइटवर भरपूर तिकीट आहेत. माझी कार्ड टाकते, डन."

"काळ्या बाजाराचं तिकीट या घरात येणार नाही."

"काळा बाजार काय? इट्स अ वेबसाइट!"

"वेबसाइटला रंग नसतो वाटतं?"

दादा वरण वाढून घेत होता. म्हणाला, "रेवे, तुझी आत्या भाषण सुरू करायच्या आत भात घे."

केलंच मी भाषण. चाळीस वर्षं मंचावरून दलालांविरुद्ध बोलले, ते काय जेवणाच्या टेबलावर येऊन सोडून द्यायला? शिवाय क्लबनं स्वतःच लिहिलंय, असली तिकिटं सापडली तर रद्द. गेटवर दादाला कुणी बाजूला काढलं तर? मला सहन होणार नाही.

संध्याकाळी क्लबचे नियम वाचले. वाचता वाचता उठून उभी राहिले. क्लबला मालक नाही! सभासदांचा क्लब. वार्षिक सभा, प्रत्येकाला एक मत, कामगाराला आणि डॉक्टरला सारखंच. दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे तालीमच की."

तालीमच. छाती भरून आली.

१६ सप्टें.

विक्रीची पद्धत अशी: आधी सभासद, उरलं तर सगळ्यांना. सभासदांची विक्री संपली. उभ्याच्या स्टँडची तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली गर्दी. परक्या देशातून आलेल्या म्हाताऱ्याला कोण विचारतं?

मी विचारायला लावीन. अर्ज लिहायला घेतला.

१९ सप्टें.

अर्ज झाला. चार पानं. पहिला परिच्छेद पाच वेळा लिहिला. इंग्रजीत असा अर्ज माझ्या हातून पूर्वी झाला नव्हता. सोबत: तालमीच्या टीमचा फोटो, हॉर्स्टचं दादाला आलेलं शेवटचं कार्ड, आय क्लिनिकचं पत्र.

प्रती घेऊन पिनरला प्रधान वकिलांकडे. खऱ्या प्रती म्हणून सही-शिक्का हवा होता. चष्म्यावरून बघत म्हणाले, "शांताबाई, फुटबॉलच्या तिकिटाला ॲटेस्टेशन?"

"करा हो सही. कागद पूर्ण असला की समोरच्याला नाही म्हणायला जागा उरत नाही."

"हे तुम्ही कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीत शिकलात."

"आणि जिंकले तिथं."

हसले, पण सह्या केल्या. प्रत्येक पानावर. दादाच्या नावानं अर्ज, खाली माझा फोन. पोस्टात टाकला. दादाला आत्ताच नको सांगायला. हाती तिकीट ठेवूनच सांगेन.

२८ सप्टें., रविवार

हॅरोच्या हॉलमध्ये माझं भाषण. विषय "हक्क". मागच्या रांगा उभ्या होत्या. मी म्हणाले, हक्क मागताना मान खाली घालायची नसते, आणि जखम दाखवून मिळतो तो हक्क नव्हे, ती भीक. टाळ्या थांबेनात. तरुण पोरी नंतर भोवती जमल्या. या वयातही आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत जातो, माइकशिवाय. त्याचा अभिमान वाटतो, लपवून काय करू?

दादा पहिल्या रांगेत होता. घरी येताना म्हणाला, "आज जिंकलीस."

१ ऑक्टो., बुधवार

जर्मनीहून जाड पाकीट आलं. दादाच्या नावाचं. मी दुकानात गेले होते. रेवा घरून काम करायला इकडे आलेली, तिनं फोडून बापाला वाचून दाखवलं. सगळं. माझा अर्जसुद्धा, कारण त्यांनी सगळे कागद परत केलेत.

मी आले तेव्हा दादा टेबलाशी बसलेला. पुढ्यात क्लिनिकच्या पत्राची प्रत, प्रधानांच्या शिक्क्यासकट.

"माझे डोळे तू अर्जाला जोडलेस?"

एवढंच म्हणाला आणि वर गेला.

रेवा हळू आवाजात म्हणाली, "आत्या, माझी वेबसाइट ब्लॅक होती ना? मग ही काय होती? यू जस्ट डिड इट विथ स्टॅम्प्स."

मी टेबलावरचे कागद गोळा करून पाकिटात घातले.

२ ऑक्टो.

क्लबचं पत्र आज शांतपणे वाचलं. तिकीट ऑफिसच्या केलरबाईंचं. अर्ध्या पानाचं. तिकिटासाठी कागदपत्रं लागत नाहीत, म्हणून परत पाठवत आहोत. कुणासाठीही वेगळी विक्री नसते. उरलेली तिकिटं सोमवारी सकाळी दहाला सगळ्यांना खुली. त्यानंतर ज्यांना येणं जमत नाही ते क्लबकडेच तिकीट परत करतात, ते छापील किमतीत दुसऱ्याला मिळतं.

खाली एक ओळ: कमी दिसणाऱ्या प्रेक्षकांसाठी प्रत्येक सामन्याला जागा असतात, शेजारी सोबत्याची जागा, हेडफोनवर समालोचन. त्यातल्या दोन शिल्लक आहेत. हव्या असल्यास कळवा.

पत्रात कळवळ्याचा एक शब्द नाही. माझ्या चार पानांची त्यांनी दखलच घेतली नाही. आणि खरं सांगू, या बाईंबद्दल मला आदर वाटला. जन्मभर जसं ऑफिस मागत आले तसं ऑफिस हे. ते भेटलं तेव्हा मी वशिला लावायला गेले. माणसाचा नाही मिळाला, तर आजाराचा.

४ ऑक्टो., शनिवार

दादा तीन दिवस फक्त कामापुरतं बोलतोय. "मीठ दे." "दार लावलं."

सकाळी त्याच्या खोलीत गेले. माफी मागितली. मला सवय नाही, दोन वाक्यांत गुंडाळली. मग राहवेना, त्या दोन जागांचं काढलं. दादा, तो हक्क आहे, त्यांनी सगळ्यांसाठी ठेवलेला, त्यात कमीपणा कसला, असं आणि तसं. चांगली पंधरा मिनिटं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "असेल हक्क. पण मागायचा का नाही ते माझं मी ठरवलं असतं. तू मागितलास, माझ्या नावानं, मला न विचारता. हॅरोच्या पोरींना हे सांगितलं नाहीस."

खाली आले. भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

६ ऑक्टो., सोमवार

दहाला पाच कमी. माझा लॅपटॉप, रेवाचा फोन तिच्या ऑफिसात, आणि दादाचा जुना टॅब. नऊ पंचावन्नला स्वतः जिना उतरून आला आणि टॅब पुढ्यात ओढून बसला. मी काही बोलले नाही. शिकतेय.

पडद्यावर रांग. एक छोटा माणूस रेघेवरून चालत पुढे सरकतो. पाऊण तास आम्ही दोघं त्या माणसाकडे बघत बसलो. दादाला तो नीट दिसेना, मान तिरकी करून बघत होता. "चालतोय का गं?"

"चालतोय."

"लंगडतोय जरा. आमच्या सेंटर हाफसारखा."

नंबर आला तेव्हा सगळं संपलेलं. उभ्याचं नाही, बसायचं नाही. रेवाचाही फोन: "काही नाही भेटला. सॉरी, बाबा."

दादा म्हणाला, "रांगेत उभे होतो ना? मग ठीक." आणि चहा टाकायला स्वतः उठला. अशा माणसाची बहीण आहे मी.

चहा देताना म्हणाला, "त्या दोन जागा कळव बाईंना. माझ्याकडून कळव. अर्ज नको, एक ओळ लिही."

एक ओळ लिहिली. त्यानं सांगितली तशी. तासाभरात उत्तर: दोन्ही जागा तुमच्या नावे.

९ ऑक्टो.

क्लबची सभासद झाले. पुढच्या वार्षिक सभेत मला मत! रेवा म्हणते, "आत्या, तिकडे जर्मनमध्ये भाषण करशील काय?" वर्ष हातात आहे. बघू.

दादा तिकिटाबद्दल खूश नाही, नाखूशही नाही. हेडफोनवरचं जर्मन कळेल का विचारलं, तर म्हणाला हॉर्स्टनं शिकवलंय तेवढं पुरे. गोल, ऑफसाइड, आणि रेफ्रीला द्यायच्या शिव्या.

१३ ऑक्टो., सोमवार

आक्रीत. चार दिवस दादा चोरून, परत आलेली तिकिटं बघत होता! टॅब नाकाला लावून. दुपारी ओरडला, "शांते, हे हिरवं काय आलंय?"

उभ्या स्टँडमधलं एक तिकीट. कुणीतरी परत केलेलं. मी नाव भरलं, त्यानं बटण दाबलं. मिळालं! छापील किमतीत, सरळ मार्गानं, ना दलाल ना अर्ज. दादानं दोन्ही हात वर केले, पेनल्टी अडवल्यावर करायचा तसे.

मग बसला. "पण एकच आहे."

"हो."

रेवाला फोन केला. तिचा पहिला प्रश्न: "बाबा तिथे एकटे? धक्काबुक्कीत? पायऱ्या दिसणार कशा त्यांना?" मग माझ्याकडे, "आत्या, तू सांग ना त्यांना."

"नाही सांगणार," म्हणाले. जड गेलं.

१६ ऑक्टो., गुरुवार. जर्मनी

ब्रसेल्सला गाडी बदलून दुपारी पोचलो. जुनं कोळशाचं शहर. पाटीवर खाणीचं चाक. दादा खिडकीकडे कान करून बसला होता, प्रत्येक स्टेशनचं नाव हॉर्स्टच्या उच्चारात म्हणत. बरोबर म्हणत होता.

हॉटेलची मालकीण क्लबची सभासद, तिची आईसुद्धा. आई चौऱ्याहत्तरची, अजून उभ्यानंच बघते. मी विचारलं, "नीट दिसतं का तिला?" तर बाई म्हणाली, "उंच माणूस पुढे आला की तिला काहीच दिसत नाही. शेजारचे सांगतात काय झालं ते."

दादानं हे मला मराठीत दोनदा सांगायला लावलं.

१७ ऑक्टो., शुक्रवार

उभ्याचं तिकीट आणि त्या दोन जागा, दोन्ही ठेवता येत नाहीत. नियम तसा आहे आणि तो योग्य आहे: एक जागा अडवून ठेवली तर एक माणूस बाहेर राहतो. आज दुपारी बाराच्या आत एक परत करायचं. उभ्याचं ठेवलं तर दादा आत, एकटा, आणि मी बाहेर. दोन जागा ठेवल्या तर दोघं आत, हेडफोन लावून. बाहेर राहायचं मला काही वाटत नाही. त्याच्या पायऱ्यांचं वाटतं. खोटं कशाला लिहू, फार वाटतं.

साडेअकराला चौकातल्या बाकावर बसलो. गळ्यात मफलर घातलेली शाळकरी पोरं जात होती. दादानं फोन मागितला.

"वाचून दाखव. आहे तसं वाच, तुझं काही घालू नकोस."

वाचलं. "वरची ओळ, उभा स्टँड, एक तिकीट, तुझं नाव. खाली दोन जागा, कमी दिसणाऱ्यांसाठी आणि सोबत्यासाठी, तुझं नाव, माझं नाव. दोन्हींच्या उजव्या बाजूला बटण. परत करा."

"वरचं वर, खालचं खाली."

"हो."

"शांते, तुला काय वाटतं?"

लाखभर माणसांपुढे बोलले असेन आयुष्यात. म्हणाले, "ठरव तू."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मान तिरकी करून, कडेच्या नजरेनं, जिथं मी त्याला अजून स्पष्ट दिसते. मग पाठ वळवली. खांदे अजून गोलीचे आहेत, रुंद. अंगठा हलला. फोन बंद करून खिशात टाकला.

बाराचे टोले पडले. कुठलं ठेवलं ते मी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही. "भूक लागली," म्हणाला आणि माझा हात न धरता पुढे चालू लागला.