काढायचं तर दोन्हीकडनं

सर, मी गणितात पास झाले. व्हय, दहावीच्या त्याच गणितात, ज्यात नापास होऊन शाळा सुटली आणि लग्न झालं. या खेपेला बाहेरून फॉर्म भरला. मघाशी मोबाइलवर निकाल बघितला आणि गप गोठ्याकडं येऊन बसले.

परंड्याची आमची खव्याची भट्टी आठवते का? खवा तोलायचं काम माझंच. पारडं खाली गेलं की खव्यातनं चिमूटभर काढायचा, वर गेलं की टाकायचा, वजनाला हात लावायचा न्हाय. फळ्यावर बी मी तेच करायची. x + 3 = 8 दिसलं की डावीकडचे तीन काढून मोकळी, x बरोबर आठ. तुम्ही कारण विचारलंत, तर मी म्हणाले, डावीकडं जास्त झालं होतं. वर्ग हसला, तुम्ही न्हाय. दुसऱ्या दिवशी आमचाच तराजू सायकलला अडकवून शाळेत आणलात. एका पारड्यात एक पुडी आणि तीन सारखी वजनं, दुसऱ्यात तशीच आठ. काटा मधोमध. मी सवयीनं पुडीजवळची तीन उचलली आणि समोरचं पारडं धाडकन टेबलावर आपटलं. एरवी तुमचा आवाज कधी चढायचा न्हाय, त्या दिवशी चढला. "अगं, तराजू आधीच बरोबर हाय. तोलायला कुणी सांगितलं तुला? काढायचं तर दोन्हीकडनं काढ." मी तिकडची बी तीन काढली. पुडीसमोर पाच उरली, काटा परत मधोमध. मला हसूच फुटलं.

तरी परीक्षेत घाबरून हात जुन्या सवयीवर गेला. लग्नाच्या मांडवात तुम्ही म्हणालात, "गणित राहिलंय तुझं. मी वाट बघतो." लई राग आला होता मला. नव्या नवरीला चारचौघांत असं बोलतात का कुणी? पुढं तुम्ही गेल्याचं कळलं, तेव्हा तेवढंच वाक्य आठवून रडले.

या वेळी धाराशिवच्या केंद्रावर बाकाबाकावर माझ्या लेकराएवढी पोरं. समीकरण आलं, दोन्हीकडं x असलेलं. मी पेन ठेवलं, बाकाखाली दोन्ही हात पसरले आणि दोन्हीकडनं एकदमच उचललं. उत्तर परत घालून बघितलं, डावी बाजू उजवीला बरोबर. सर, आज मला लई माज आलाय, आणि तो मी उतरू देणार न्हाय.

हे पत्र कुठं टाकायचं न्हाय. घरात सगळे निकालासाठी खोळंबलेत, धाकटी लेक हाक मारून गेली, मी नुसतं "आले" म्हणाले. त्यांना अजून सांगितलं न्हाय. तुम्ही त्यांच्या आधीपासनं थांबला होतात.