बर्फाची लादी

फुलसिंगभाऊ,

तुमची लेक संगिता जाऊन आज चाळीस दिवस झाले. आमच्यात गेलेल्या माणसासाठी आज फातेहा देतात. मी दिली.

तांड्यातलं पयलं लेकरू तलावात पोहून तापानं गेलं, तवा पाण्याचा नमुना न्यायला मीच आले होते. नाकातून मेंदूत शिरणारा अमिबा पाण्यात हाय का, ते बघायचं होतं. नमुना बर्फात ठेवायचा, ही माझी दहा वर्षांची अक्कल! रिपोर्टात अमिबा न्हाई आला. तुमी फोनवर विचारलं, "आपा, लेकरं पोहू देऊ का?" मी म्हणले, "बिनधास्त." त्याच आठवड्यात संगिता तलावात उतरली.

परवा प्रयोगशाळेतल्या मोठ्या मॅडम म्हणल्या, हा अमिबा कोमट पाण्यातला, गारठ्यात मरतो. या नमुन्याला बर्फ लावायचाच नसतो.

चूक माझीच हाय, भाऊ. तरी हे पत्र मी टाकणार न्हाई. नमुना घेतला त्या दिवशी उन्हानं माझ्या पेटीतला बर्फ वितळला, तवा तुमी सेनगावला पळालात. जीपमधून लादी घेऊन आलात, पंच्यात गुंडाळून, मांडीवर. म्हणलात, "आता बराबर तपासा, आपा."

तुमची गुन्हेगार,
कहकशा