नऊ माणसांचा एक नंबर

प्रिय ललिता,

परवा तू फोनवर रडत होतीस आणि मी तुला समजावत होते, "अगं, लोकांचं काय मनावर घेतेस!" ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. कारण तेव्हा मला सगळं ठाऊक होतं.

मोतीबिंदूच्या शिबिरासाठी आमच्या संस्थेत तीन याद्या आल्या होत्या. एक तू आशाताई म्हणून पाड्यावरून पाठवलेली, दुसरी पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसची, तिसरी गेल्या वर्षीच्या तपासणीची. हंगामाला खाली उतरणारी तुमची माणसं तिन्हींत होती, कुठे नुसत्या नावाने, कुठे आडनावासह. कुणी दोनदा धरला जाऊ नये म्हणून मी मोबाईल नंबरावर यादी जुळवली. नंबर एक, तर माणूस एक. चारशे बारा नावांची दोनशे त्रेसष्ट झाली. साहेब म्हणाले, "मीनाताई, काम करावं तर तुम्ही!" मी फुगले.

पाड्यावर रेंज फक्त तुझ्या ओट्यावर येते, म्हणून सगळे तुझाच नंबर देतात, हे मला माहीत नव्हतं का? दिवाळीत तुझ्याकडे राहिले, तेव्हा तिथेच बसून मी घरी फोन केला होता. तरी नऊ माणसांचा मी एक माणूस केला. उरलं ते सगळ्यात वरचं नाव, हिरामणबाबा, नेमके तुझे चुलत सासरे.

गाडी त्यांना एकट्यांना घेऊन आली, तेव्हाच यादी उघडून पाहिली आणि चूक कळली. साहेबांनी विचारलं, तर मी म्हणाले, "गावाकडूनच यादी अर्धवट आली." डायरीत त्या दिवशी लिहिलं, 'घाईत तोंडून गेलं.' दुसऱ्या दिवशी ते खोडलं. घाई नव्हती गं.

राहून गेलेल्या आठांतल्या अंबूबाई तुला तोंडावर म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याचा तेवढा डोळा, आन् आमच्या काय कवड्या?" हे तू हुंदके देत सांगत होतीस आणि मला हायसं वाटत होतं, की माझं नाव कुठे निघालं नाही.

आज साहेबांना खरं सांगितलं. गुरुवारी आठही जणांना न्यायला गाडी येईल, तिच्यात मी असेन. फोन केला असता तर हे तुझ्या एकटीच्या कानात राहिलं असतं. कागद चारचौघांत वाचता येतो, म्हणून पत्र. उद्या ड्रायव्हर सोमनाथ आणून देईल. सगळ्यांना बोलावून वाच, अंबूबाईंना पुढे बसवून. आणि वाचताना माझं नाव गाळू नकोस.

माफी न मागता, तुझीच,
मीना