पायरीवरचा दुसरा चहा

अब्बा, डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास नुसतं बसायला सांगितलं आहे. फोन नको, टीव्ही नको, हातात कागदसुद्धा नको. रक्तदाबाच्या गोळ्या एकीच्या दोन झाल्या आहेत आणि हे नीट जमलं नाही तर दोनच्या तीन होतील, असं त्यांनी मागच्या खेपेला जरा रागानंच सांगितलं. मी म्हटलं, बसेन. घरी येऊन गॅलरीत खुर्ची टाकली, चहा घेतला, आणि पाचव्या मिनिटाला उठून कपडे वाळत घालायला लागले. तीन आठवडे हेच चाललं आहे. लोकांना बसायला वेळ मिळत नाही. मला वेळ काढता येतो, पण चहाचा कप घेऊन स्वस्थ बसले की आत काहीतरी टोचायला लागतं. ते काय आहे हे मला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तुम्हाला बसता यायचं. बिंदू चौकामागच्या बोळातलं आपलं बाइंडिंगचं दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. जूनमध्ये शाळांची पुस्तकं, मार्चमध्ये कचेऱ्यांची रजिस्टरं, आणि वर्षभर कुणाची ना कुणाची घाई. सकाळपासून तुम्ही मान वर करत नसायचात. पानांच्या घड्यांचे फर्मे शिवायचे, पुठ्ठे कापायचे, मोरचूद घातलेली खळ लावायची. पण दुपारची चार वाजायची वेळ झाली, की दिवसभराची पुस्तकं तुम्ही त्या लोखंडी शिकंज्यात रचायचात, वरचं चाक दोन्ही हातांनी करकचून आवळायचात आणि हात पुसून बाहेर पायरीवर येऊन बसायचात. एकदा दाब चढला की दुसऱ्या सकाळपर्यंत शिकंज्याला हात लावायचा नाही, हा दुकानाचा कायदा. ओली खळ आत सावकाश वाळते, पुठ्ठा सरळ राहतो. आणि दाब चढवल्यानंतरचा पाऊण तास तुम्ही दुसरं कुठलंच काम हातात घेत नसायचात. एकदा एक वकील घाईनं आले आणि म्हणाले, "अहो, बसलायसा काय नुसतं? माझं तेवढं बघा की." तुम्ही जागचे हलला नाहीत. "पुस्तकं बसल्यात, मीबी बसलोय. उठतो मग." वकील चिडले, पण थांबले.

त्या पाऊण तासाला सर यायचे. राधानगरीकडच्या शाळेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, धोतर, खांद्याला पिशवी. समोरच्या हॉटेलातून दोन चहा यायचे. तुम्ही दोघं फार बोलत नसायचात. एखादा माणूस बोळातून गेला की सर म्हणायचे, "ह्याचा बा पण असाच चालायचा," आणि तुम्ही हसायचात. शाळा सुटल्यावर मी दुकानात आतल्या बाजूला बसून गृहपाठ करायचे आणि तुमच्या दोघांच्या पाठी बघायचे. मला कधी कुणी बाहेर बोलावलं नाही. बोलावण्यासारखं काही नव्हतंच. दोन म्हातारी माणसं चहा पीत होती.

मी नववीत होते तेव्हा सरांनी आपली पावसाची वही बांधायला आणली. राधानगरीत असताना रोज संध्याकाळी किती पाऊस झाला, नदी कुठवर आली, शाळेत किती पोरं आली, हे त्यांनी शाईनं लिहून ठेवलं होतं. कितीतरी वर्षांचे सुटे कागद. तुम्ही ते तीन दिवस शिवत होता. निळं कापड तुम्ही स्वतः निवडलंत, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती वही एकटीच शिकंज्यात गेली. पुठ्ठा संपला होता, म्हणून त्या दिवशी तुम्ही न बसता तो आणायला गेलात. सर आले, पायरीवर बसले. आणि मला वाटलं, आपण ही वही आत्ताच काढून त्यांच्या हातात द्यावी. मलाही काम येतं, भरभर येतं, हे दिसावं.

सर म्हणाले, "असू दे गं पोरी. अब्बा येऊ देत."

मी म्हटलं, "झालीय सर. वाळलीय."

चाक फिरवायला मला लोंबकळावं लागलं. वही बाहेर आली आणि माझ्या डोळ्यांदेखत वरचा पुठ्ठा वाकायला लागला. मी तो उघडला, तर पुठ्ठ्याच्या आतलं कागदी अस्तर ओलंच पहिल्या पानांना चिकटलेलं होतं. ओढल्यावर दोन पानं फाटली, तिसऱ्यावरची शाई पसरली. सरांनी वही माझ्या हातातून अलगद काढून घेतली. बघितली. "असू दे," म्हणाले, पिशवीत घातली आणि चहा यायच्या आत निघून गेले.

तुम्ही आलात आणि मोकळा शिकंजा बघितलात. "कुणी काढलं?"

मी म्हटलं, "सर म्हणाले, मला आत्ताच पाहिजे. ऐकेनातच."

पुढचं तुमच्यासमोरच झालं, पण तुम्हाला त्यातलं अर्धंच दिसलं. दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा तुम्ही पायरीवरून उठला नाहीत, त्यांना जागाही करून दिली नाहीत. "सर, इतकी वर्षं इथं बसताय. दाबातलं पुस्तक काढत न्हाईत, ते तुमाला म्हाईत हाय. आनि पोरीच्या मागं लागून काढून घेतलासा? माझ्या तीन दिवसांच्या कामाची माती केलीसा. इथनं पुढं दुसरीकडं बघा." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गृहपाठाच्या वहीत डोकं घातलं. ते तुम्हाला म्हणाले, "चुकलं माझं." एवढंच म्हणाले, अब्बा. खरं सांगायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं.

ते पुन्हा आले नाहीत. हॉटेलवाला मात्र सवयीनं दोनच चहा पाठवत राहिला. तुम्ही दोन-तीन दिवस एक परत पाठवलात. मग एका दुपारी आत वळून म्हणालात, "ये गं, घे हा." मी बाहेर आले आणि तुमच्याशेजारी बसले.

पुढे मी वर्तमानपत्रात लागले. पहिल्या पगाराच्या दिवशी तुम्ही मला निळ्या कापडात बांधलेली कोरी वही दिलीत आणि म्हणालात, "सावकाश लिव्ह." सावकाश मी त्यानंतर काहीही लिहिलेलं नाही. पान वेळेत छपाईला सोडायचं, ते सुटलं की दुसरं. सर गेल्याची बातमी माझ्याच टेबलावर आली. चार ओळी. मी काना-मात्रा तपासली आणि सोडली. घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तवा मी जरा जास्तच बोललो त्यास्नी." मी नुसतं "हं" म्हटलं. पुढे दोन वर्षांनी तुम्हीही गेलात.

हे सगळं आता वर आलं ते माझ्याच एका चुकीनं. गेल्या आठवड्यात मी एका निधनवार्तेत भलताच फोटो लावला. एकाच आडनावाचे दोन फोटो लागोपाठ आले होते, एक मृताचा आणि एक उचगावच्या पंच्याहत्तरी झालेल्या गृहस्थांचा. मी नाव न वाचता दुसरा उचलला. मृताच्या घरी आधी जाऊन आले. तिथे त्यांनी आधी मला पाणी दिलं, तेच जास्त लागलं. मग उचगावला गेले. दारातच सुनेनं आत हाक दिली, "मामा, पेपरातल्या बाई आल्यात."

आतून मोठ्ठा आवाज आला. "या या पावणं! मयताला आलायसा न्हवं? मयत च्या प्यायला बसलंय, या."

मी उभ्या उभ्याच माफी मागायला लागले.

"मागा की माफी. पन बसून मागा. मेव्हणा तर सकाळी हार घिऊनच आला. म्हटलं ठेव फ्रीजमदी, कवातरी लागंलच." सून पदर तोंडाला लावून हसत होती. मग ते जरा पुढे वाकले. "झालं कसं पन ते?"

खुलाशाला आम्ही छापतो ते शब्द माझ्या तोंडात तयार होते, तांत्रिक चुकीमुळे. पण मी म्हटलं, "मी केलं. नाव वाचलंच नाही."

"घाई हुती व्हय लई?"

नव्हती, अब्बा. पान सोडायला चाळीस मिनिटं शिल्लक होती. तेही सांगितलं. ते सुनेला म्हणाले, "आनकी एक च्या टाक गं." मी तिथे तासभर बसले. ऊस, गुडघे, मुंबईचा नातू, असलं काहीबाही ऐकत बसले, आणि एकदाही उठावंसं वाटलं नाही. परत येताना बसमध्ये लक्षात आलं, की एका अनोळखी माणसाला 'मी केलं' हे मी दुसऱ्या वाक्याला सांगितलं, ते तुम्हाला पंचवीस वर्षांत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही सरांच्या घरी गेला असतात. दोघांनाही आणखी पुष्कळ दुपारी मिळाल्या असत्या.

आज गॅलरीत, दुकान बंद झाल्यावर घरी आणलेल्या तुमच्या शिकंज्याशेजारी बसून हे तुमच्याच निळ्या वहीत लिहिलं. चहा कधीच निवला आहे, मी उठलेले नाही. वही मिटली की शिकंज्यात ठेवीन, पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. मी तेव्हा सांगितलं नाही ते तुमच्या रागाच्या भीतीनं, असं मी स्वतःला सांगत आले. भीती पहिले दोन-तीन दिवसच होती. त्यानंतर रोज चार वाजता त्या पायरीवर तुमच्याशेजारी मी बसायचे, तुम्ही माझ्याशी बोलायचात, आणि सरांचा चहा मला आवडायला लागला होता.