कंट्रोलर वळला का नाही

बाबा, तुमच्याविषयी एक साफ खोटी गोष्ट छापून येणार होती आणि ती टाइप करायचं काम नेमकं माझ्याकडे आलं होतं. म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हा तरी कुठे लिहिली होती म्हणा!

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, आमचं एक मराठी मंडळ आहे. दरवर्षी गणपतीत ते स्मरणिका काढतात, आणि मराठी टाइप करता येणारी इथे मीच एक, त्यामुळे गेली तीन वर्षं सगळ्यांच्या कविता आणि प्रवासवर्णनं माझ्या गळ्यात. फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात, मग मी बसते एकेक अक्षर सांधत. या वर्षी एका काकांनी लेख दिला. सत्तरी ओलांडलेले, नागपूरचे, मुलाकडे कायमचे राहायला आलेले. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पंगतीला, जेवण झालं की हे टेबलावर बोटांनी ठेका धरणार आणि नागपूरच्या जुन्या ऑर्केस्ट्रांचे किस्से सांगणार. ते ऑर्केस्ट्रात होते एवढं मला माहीत होतं, पण नागपुरात तेव्हा गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा होते. ते तुमच्याच ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवायचे हे मला त्यांचे अकरा कागद हातात येईपर्यंत कळलं नव्हतं. मी दहा वर्षांची झाल्यावर तालमीला यायचं बंद केलं, आणि ते आले त्यानंतर. मला ते माझ्या सासरच्या आडनावाने ओळखतात. आणि तुमचं तर नावही त्यांना आठवत नव्हतं. लिहिलं होतं, 'आम्ही त्याला कंट्रोलर म्हणायचो.'

मुलाच्या ऑफिसातल्या प्रिंटआउटच्या कोऱ्या बाजूवर, शाईच्या पेनाने, काय मस्त लिहिलंय हो काकांनी! रविवारी सकाळी सायकलच्या दुकानामागे चालणारी तालीम, आणि मधेच गिऱ्हाईक आलं की हात पुसत पंक्चर काढायला जाणारे मालक. अकॉर्डियन वाजवणारे गणिताचे मास्तर, जे सूर चुकला की म्हणायचे, 'हातचा विसरला!' लग्नातला पांढरा सूट घालून निवेदन करणारे ते गृहस्थ, जे स्वतःच्या विनोदावर सगळ्यांच्या आधी हसायचे आणि दरवर्षी त्या सुटाचं एक बटण लावता येईनासं व्हायचं. काका स्वतः भर मांडवात काळा गॉगल घालून बसायचे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. वाचताना मी एकटीच हसत होते. मग तुम्ही आलात. एस.टी. स्टँडवरचा कंट्रोलर, ज्याच्या खर्जातल्या आवाजाने फलाटावर झोपलेली माणसं दचकून उठायची, 'अमरावती, अकोला जाणारे प्रवासी...', तोच माणूस रविवारी लेडीज आवाजात गायचा. पहिलं कडवं लोकांकडे पाठ करून. लोक एकमेकांना विचारायचे, बाई कोण आणलीय? आणि दुसऱ्या कडव्याला तुम्ही वळायचात. ही एवढी मिशी! मांडव डोक्यावर घ्यायचे लोक. मालकांनी एकदा म्हणे तुम्हाला साडी नेसायला सांगितलं होतं आणि तुम्ही म्हणालात, 'साडी काहून नेसू बाप्पा? माझा गळा बाईचा आहे, मी नाही.'

हे साडीचं मला माहीत नव्हतं. घरी कधी बोलला नाहीत.

मला तुमची लाज वाटायची, बाबा. सरळच सांगते, आता काय लपवायचं. शाळेत मुली पाठीमागून बारीक आवाज काढून गायच्या आणि मी वळले की मिशीला पीळ दिल्यासारखं करायच्या. तुम्ही स्वयंपाकघरात सकाळी चहा उकळत असताना गुणगुणायला लागलात की मी रेडिओ मोठा करायची. तुम्ही गाणं थांबवून रेडिओ ऐकत बसायचात, आणि वर म्हणायचात, 'चांगलं लावलंस.' मला याचाही राग यायचा.

एका शनिवारी दुपारी मी काकांच्या नवव्या पानावर आले. तिथे लिहिलं होतं की एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कंट्रोलर वळलाच नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, पोरं ओरडायला लागली, 'घूम जा, घूम जा', कागदाची विमानं आली, बाकं वाजली, निवेदकाने कानात सांगितलं, मास्तरांनी अकॉर्डियन वाजवता वाजवता कोपराने ढोसलं. हा पठ्ठ्या भिंतीकडे तोंड करून अख्खं गाणं गायला आणि तसाच विंगेत निघून गेला. कार्यक्रम पडला. पुढे लिहिलं होतं, 'नव्यानेच एक गाणारी मुलगी आमच्यात येणार होती, त्याचा त्याला राग. डोक्यात हवा गेली की कलाकार संपतो, तसा तो संपला. आमच्या ऑर्केस्ट्राला उतरती कळा लागली ती त्या दिवसापासून.'

हे मी टाइप केलं. मग पुन्हा टाइप केलं. माझी दहा वर्षांची लेक टेबलाच्या पलीकडे होमवर्क करत होती. ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, "मॉम, यू टाइप्ड द सेम थिंग ट्वाइस." मी म्हटलं, हो. आणि लॅपटॉप बंद केला.

कारण ते कॉलेज माझं होतं. गॅदरिंगला तुमचा ऑर्केस्ट्रा बोलावलाय हे मला आदल्या दिवशी कळलं, आणि त्या सकाळी स्वयंपाकघरात मी तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही पोळीचा घास चहात बुडवत होतात. रोज सकाळी तुम्ही मला स्कूटरवरून कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायचात, त्यामुळे वर्गातल्या सगळ्यांना तुमचा चेहरा माहीत. मी म्हटलं, "तुम्ही आज जाऊ नका." तुम्ही म्हणालात, "शब्द दिलेला आहे, बेटा. माझ्या जागी कोण गाईल?" मी म्हटलं, "मग मी कॉलेज सोडते." कुठून आणली होती मी एवढी अक्कल! आई ओरडली माझ्यावर. तुम्ही नाही. घास बशीतच राहिला, तुम्ही हात पुसले आणि म्हणालात, "मी वळणार नाही. आवाज कोणाचा आहे, कोणाला कळत नाही. मग तर झालं?" मी बॅग उचलली आणि निघून गेले. त्या दिवशी बसने गेले.

आणि बाबा, एवढी वर्षं मी समजत होते की तुम्ही वळलात. मला तसं का वाटलं ते शेवटी सांगते. दुसऱ्या दिवसापासून परीक्षेची सुट्टी लागली, कोणी मैत्रीण भेटली नाही, नंतरही मी तो विषय कोणाला काढू दिला नाही, आणि मी घरात तुमच्याशी पंधरा दिवस बोलले नाही. शब्द पाळला नाही म्हणून! तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की, अगं, मी कुठे वळलो? तोंडी परीक्षेच्या दिवशी माझ्या बॅगेत वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधलेली ज्येष्ठमधाची कांडी निघाली. आवाज बसू नये म्हणून तुम्ही चघळायचात, त्यातली. मी ती बसमधून बाहेर टाकली. त्यानंतर तुम्ही कधी तालमीला गेला नाहीत. आईने विचारलं तेव्हा म्हणालात, 'आता खऱ्या पोरी मिळून राहिल्या गायला, मला कोण विचारतो?' मी तेव्हा म्हटलं, सुटले बाई एकदाची.

काकांचा लेख तसाच छापून दिला असता तर कोणाला कळलं असतं? दोनशे घरांत तो गेला असता, त्यातल्या वीसेक घरांत वाचला गेला असता आणि तुम्ही कायमचे डोक्यात हवा गेलेले झाला असतात. तुमचं नावही नाही, म्हणजे कोणी भांडायलाही येणार नाही. खोडायचं तर खरं कारण सांगायला हवं, आणि ते कारण म्हणजे मी. चार दिवस मी फाइल उघडून बंद करत होते. मग रविवारी सकाळी काकांकडे गेले.

काकांनी स्वतः चहा केला. मी कपाला हात न लावता सांगून टाकलं, की तुमचा कंट्रोलर माझा बाप, आणि मीच त्यांना वळू नका म्हटलं होतं. काकांची बोटं टेबलावर चालली होती, ती थांबली.

"काय सांगून राहिली तू!"

"खरंच, काका."

"अगं, मग तो बोलला का नाही? टेम्पोत पूर्ण रस्ताभर मी त्याला शिव्या घातल्या. तोंडावर म्हटलं, उद्यापासून येऊ नको. तो माझा बोंगो मांडीवर घेऊन बसला होता, उतरताना हातात दिला आणि म्हणाला, 'आज गाणं चांगलं झालं पण.' मला वाटलं, काय निर्लज्ज माणूस आहे यार!"

 काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तू कुठे होतीस तेव्हा? हॉलमध्ये?"

"लायब्ररीत," मी म्हटलं.

लेख आम्ही तिथेच दुरुस्त केला. काका म्हणाले, लिही, काही घरगुती कारणामुळे तो वळला नाही. मी म्हटलं, घरगुती बिरगुती काही नाही, त्यांच्या मुलीला त्यांची लाज वाटत होती म्हणून. काका म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील? तुझं नाव आहे इथे." मी म्हटलं, त्यांचं पण होतं. मग तुमचं पूर्ण नाव घातलं, आणि त्याखाली ती ओळ, 'ही माहिती त्यांच्या मुलीने दिली', माझ्या नावासकट. काकांनी 'डोक्यात हवा' स्वतःच्या पेनाने खोडलं, इतकं दाबून की कागद फाटला.

गणपतीत स्मरणिका वाटली गेली. हायस्कूलच्या कॅफेटेरियात आरती, मग जेवण. एकीने मसालेभात वाढून घेता घेता सांगितलं, "वाचलं हं, छान आहे. मग तुम्ही का नाही गात?" एक जण म्हणाला, असे किस्से अजून द्या. बास, एवढंच. मी उगाचच चार दिवस झोप उडवून घेतली होती. माझ्या लेकीला मराठी वाचता येत नाही, तिला मी वाचून दाखवलं. तिने विचारलं, "सो ही वॉज फेमस?" मी म्हटलं, थोडे. ती म्हणाली, "अँड यू वर मीन टु हिम." मी म्हटलं, हो.

आता राहिलेलं सांगते. हे ना काकांना सांगितलं, ना छापायला दिलं. ही फाइलही मी कोणाला दाखवणार नाही.

मी लायब्ररीत नव्हते, बाबा. हॉलच्या मागे सायकल स्टँड होता, तिथे उभी होते. खिडक्या बंद होत्या, आतलं काही दिसत नव्हतं, पण तुमचा आवाज भिंतीतून स्वच्छ येत होता. दुसऱ्या कडव्याला आत एकदम गलका उठला. तसाच गलका, जो तुम्ही वळलात की नेहमी उठायचा. शब्द कळत नव्हते. मला वाटलं, वळले. तरी मी जागची हलले नाही, गाणं संपेपर्यंत तिथेच उभी होते. माझ्या वर्गातली एक मुलगी सायकल काढायला आली होती, तीही थांबून ऐकायला लागली. म्हणाली, "काय गळा आहे गं हिचा! कोण आहे ही?"

मी म्हटलं, "माहीत नाही."