औषधाआधी दोन घास

मंगळवार, ४

ठमीला ताप. तिची आई — म्हणजे माझी बायको — कालच कामासाठी परगावी गेली, आणि आज हे! फोनवर म्हणाली, "येऊ का निघून?" मी म्हटलं, "छे! मी आहे ना." मोठा शहाणा! लग्नाला वर्ष होत आलं, पोरगी अजून मला "अहो काका" म्हणते. निदान या निमित्ताने जवळ येईल, असं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी गुलाबी औषध दिलंय.

बुधवार, ५

घात केला मी. कारखान्यात भट्टी सांभाळून हाडात मुरलंय — वेळ म्हणजे वेळ! गजर लावून पोरीला गाढ झोपेतून उठवलं, रिकाम्या पोटीच औषध पाजलं. थोड्या वेळाने पोट धरून रडायला लागली. मग ओकली — चादरीवर, माझ्या शर्टावर, सगळीकडे. औषध वाया गेलं म्हणून पुन्हा चमचा पुढे केला तर किंचाळली, "तुमच्या हातचं नको! आई हवी!"

फार लागलं. पण तिचं काय चुकलं?

भट्टीची सवय सांगितली, तर डॉक्टरीणबाईंनी माझी बिनपाण्याने केली. "अहो, मूल आहे ते, भट्टी नव्हे! शांत झोपलेल्या पोरीला उठवता कशाला? आधी चार घास पोटात जाऊ द्या. आणि उलटी झाली की लगेच दुसरा डोस नाही, मला विचारायचं." औषध बदलून दिलं. उलटीत रक्त दिसलं किंवा शी काळी झाली तर तडक घेऊन या, म्हणाल्या. तेव्हापासून शी तपासतोय. काय दिवस आलेत!

गुरुवार, ६

ताप आहेच. काही खाईना. विनवण्या केल्या, माकडासारखी तोंडं केली — ढिम्म! शेवटी थकलो. तिच्या खाटेशी जमिनीवर बसून स्वतःच केळं खायला लागलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"मला नाही का?"

दोन घास खाल्लेन्! मग चमचा तिनेच धरला, मी नुसती बाटली. पोट दुखलं नाही.

शुक्रवार, ७

ताप उतरला. अंगात त्राण नाही — माझ्या.

शनिवार, ८

दुपारी बायको आली. मी खाटेशेजारी जमिनीवरच आडवा. दार वाजलं, जाग आली, पण पापण्या उघडेनात. "ठमे!" म्हणून हाक आली. पोरगी माझ्या अगदी कानाशी कुजबुजली, "आई, हळू ना! आत्ता कुठे डोळा लागलाय बाबाचा."

मी तसाच पडून राहिलो.