मधल्यांनी दिवे लावायचे नाहीत

६ नोव्हेंबर, गुरुवार

थोडक्यात वाचलो! 

टेकडीचा उतार उतरत होतो. आम्ही आठ जण, एकामागे एक, आणि आठांत दिवे दोन — कप्तानचा पुढचा पांढरा आणि शेवटच्याचा मागचा लाल. मधले सगळे काळोखात! आमच्या सायकलटोळीचा हा कायदाच आहे. मधल्यांनी दिवे लावायचे नाहीत. पुढच्याचा लाल दिवा लुकलुकला की मागच्याचे डोळे दिपतात म्हणे. त्यापेक्षा कप्तान पुढून ओरडणार, 'खड्डा, डावीकडे!' आणि आपण ते ओरडत ओरडत शेवटपर्यंत पोचवायचं. उन्हाळ्यात ठीक होतं, सात वाजेपर्यंत उजेड असायचा. आता ऑफिसं सुटून टोळी जमेपर्यंत अंधार पडलेला असतो.

तर आज वळणावर रांग तुटली. चौघे पुढे निघून गेले आणि मागच्या चौघांत सगळ्यात पुढे मी, बिनदिव्याची. बाजूच्या रस्त्यावरून ट्रक आला. त्याच्या लेखी आम्ही नव्हतोच! मी ब्रेक असा करकचून दाबला की नवरा मागून माझ्या चाकावर येऊन आदळला. ट्रक वाऱ्यासारखा गेला. 

खाली पोचल्यावर कप्तान म्हणतो, 'ट्रकवाले हल्ली डोळे मिटूनच चालवतात.' सगळे हसले! कप्तान दातांचा डॉक्टर आहे. त्यामुळे त्याला वाटतं, लोकांनी तोंड उघडायचं ते फक्त त्याने 'आ करा' म्हटल्यावर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वर्कशॉपमध्ये दिवसभर रस्त्यावर काम करणाऱ्यांची जाकिटं शिवली. ती चमकती पट्टी असते ना, उजेड पडला की लखलखणारी, तिचे कापून उरलेले तुकडे सुपरवायझरबाईंकडे मागितले. 'न्या, कचऱ्यातच जाणारेत,' म्हणाल्या. माझा स्वतःचा कमरेचा पट्टा मी मागेच याच तुकड्यांचा शिवला होता. आता बाकी सातजणांना शिवते. कुणाच्या बापाची हिंमत आहे फुकटचा पट्टा नको म्हणायची!

नवऱ्याला म्हटलं, मी टोळीसमोर बोलणार आहे. सगळ्यांनी दिवे लावायचे, नाहीतर अंधार पडायच्या आत परतायचं. मला वाटलं हा म्हणेल, कशाला भांडण ओढवून घेतेस. पण नाही! 'बोल तू. मी आहे ना.' किती बरं वाटलं.

पूर्वी हा कप्तानच्याही पुढे दामटायचा. पावसाळा संपल्यापासून मात्र माझ्या मागेच असतो. 'तुझा पट्टा चमकतो, छान दिसतेस मागून,' म्हणतो. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर हे! मी चक्क लाजले.

८ नोव्हेंबर, शनिवार

पट्टे झाले. बोटांची पार चाळण झालीय.

नर्सला तिचा पट्टा आधीच दाखवला. ती मागच्या गल्लीत राहते. माझा नवरा हॉस्पिटलची स्टाफबस चालवतो, त्याच बसने ती रोज पहाटे ड्युटीला जाते. टोळीत तिला मीच आणलं. पट्टा कमरेला लावून आरशासमोर गर्रकन फिरली. 'ताई, तू बोल. मी तुझ्या बाजूने.' म्हणजे आम्ही तिघं झालो. तिघं काय कमी आहेत?

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिहू की नको असं झालंय. पण न लिहून झोप येणार नाही.

पाण्याच्या टाकीपाशी सगळे टेकले होते, थर्मासमधला चहा फिरत होता. मी उभी राहिले आणि बोलले. चांगलं बोलले! ट्रकचं सांगितलं. उतारावर माणसं चालत असतात त्यांचं सांगितलं. 'आपल्याला रस्ता पाठ आहे म्हणून आपण निर्धास्त, पण समोरच्याला आपण पाठ नाही!' 

मग कप्तान. 'वहिनी, ही सायकलची टोळी आहे. दुकानाची रोषणाई नाही.' झालं, फुटले सगळे. मी नवऱ्याकडे बघितलं — आता बोलेल. बोलला! 'हिचं एवढं मनावर घेऊ नका. त्या दिवशी ट्रकला घाबरलीय. दिव्यांनीच उलट घोळ होतो. दिवे लागले की मला तर समोरचं काही दिसत नाही.'

सगळ्यांसमोर! स्वतःच्या बायकोला!

नर्सकडे बघितलं तर ती बुटाची नाडी बांधत होती. तिच्या बुटाला नाडी नाहीच, चिकटपट्टी आहे.

मी वाटलेले पट्टे कप्तानने गोळा करून पिशवीत कोंबले. 'आठवण म्हणून ठेवतो हं.' येताना सगळा रस्ता हा माझ्या मागेच होता. मी मुद्दाम जोरात मारली सायकल, तरी शेवटपर्यंत चिकटून होता. वाटलं, थांबावं आणि विचारावं — आता कसली दिसतेय रे मी मागून?

१२ नोव्हेंबर, बुधवार

बोलले नाही. भाजीत मीठ घातलं नाही. त्याने मुकाट्याने खाल्ली. त्याचाच जास्त राग आला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मी गेले नाही. जा म्हटलं तुझ्या टोळीबरोबर. गेला.

परत आला तो कोपर सोलून, पँट गुडघ्यावर फाटलेली. 'कुत्रं आडवं आलं.' जखम धुतली, मलम लावलं. बोलले तरीही नाही. मलम लावायला बोलावं लागत नाही.

मग कप्तानचा फोन. 'वहिनी, काळजी करू नका, कुत्रंच होतं.' मी कुठे म्हटलं होतं हत्ती होता म्हणून! न विचारता सांगायला फोन कशाला केला याने?

१५ नोव्हेंबर, शनिवार

नवरा म्हणतो, कोपर दुखतंय, सायकल नको. नर्स फोन उचलत नाही. लेकीचा होस्टेलवरून फोन आला, तिला म्हटलं सगळं छान आहे. काहीतरी शिजतंय आणि वास फक्त मला येत नाहीये.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नर्स आली. दारातच रडायला लागली.

कुत्रं नव्हतं. माणूस होता! टेकडीच्या पायथ्याशी रोपवाटिका आहे, तिथला माळी. काम संपवून कडेने घरी चालला होता. माझा नवरा त्याच्यावर जाऊन आदळला. 'आम्ही सगळे पुढे होतो, ताई. आवाज आला म्हणून वळलो. त्याचं मनगट मोडलं होतं. मीच बांधलं, कप्तानने गाडी बोलावली, आमच्या हॉस्पिटलमध्ये प्लास्टर केलं.'

'आणि कुत्रं कुणी काढलं?'

'भाऊजींनी. म्हणाले, हिला कळता कामा नये. पट्ट्यांचं एवढं झाल्यावर मी कुठल्या तोंडाने सांगू. सगळे हो म्हणाले.'

'तू पण?'

'मी पण.'

मी जे सांगत होते तेच झालं, दुसऱ्याच दिवशी म्हणावं इतक्या लगेच! आणि या सगळ्यांना काय सुचलं? माणसाचं कुत्रं करायचं आणि मला मूर्खात काढायचं. एकाच्याही पोटात तुटलं नाही. मी त्यांच्यासाठी बोटं टोचून घेत बसले होते!

नर्सला चहा दिला, पण जवळ बसले नाही. ती गेल्यावर वाटलं, बसायला हवं होतं. सात जणांत सांगायला एकटी तीच आली.

नवऱ्याला काही म्हटलं नाही अजून. आधी त्या माळ्याला भेटते. नवऱ्याच्या वतीने पाय धरावे लागले तरी धरते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वर्कशॉपमधून अर्धा दिवस काढून गेले. माळी सावलीत बसून एका हाताने पिशव्यांत माती भरत होता. दुसरा हात गळ्यात. वयाने माझ्या वडिलांएवढा. वाटेत सगळं घोकलं होतं, तसंच म्हटलं — माझ्या नवऱ्याने दिवा लावला नव्हता, चूक आमची, माफ करा.

तो म्हणाला, 'दिवा? दिवा होता की!'

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा सांगतोय. 'त्यांच्यात मधले दिवा लावत नाहीत, बाबा.'

'मधला कसला, एकटाच मागे राहिला होता तो. चांगला झगझगीत दिवा होता. म्हणून तर मी थांबलो, ताई. म्हटलं, दिवा आहे, मला बघितलं असेल, जाईल बाजूने. हातसुद्धा वर केला. तर सरळ अंगावर! घंटा नाही, ब्रेक नाही.' मग हसला. 'झोपला होता की काय?'

निघताना मला एक रोप देत होता. नको म्हटलं. घेण्याचं तोंड नव्हतं.

दिवा होता. मग?

१९ नोव्हेंबर, बुधवार

विचारायचा धीर होईना. नुसतं बघत राहिले.

संध्याकाळी जिन्यातला बल्ब गेलेला. मी झपझप वर आले. हा खालच्या पायरीवर उभाच. भिंतीवर तळवा टेकवून. मग एकेक पायरी, पायाने चाचपत. 'काय रे?' म्हटलं. 'काही नाही, बुटात खडा गेलाय.'

२० नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना विचारलं. 'दिवा चालू होता ना तुझा?'

तो ताटात बोट फिरवायला लागला. मग म्हणाला, 'होता.'

'मग?'

'नाही दिसला मला तो.'

मग सगळंच सांगितलं. पावसाळ्याच्या आधीपासून होतंय. अंधार पडला की कडेचं सगळं पुसलं जातं. समोरून दिवा आला की नुसतं पांढरं पांढरं होतं आणि त्याच्या आत काही नसतं. 'मागच्या गाड्यांच्या उजेडात तुझा पट्टा तेवढा दिसायचा. त्याच्या मागे मागे यायचो. त्या दिवशी तू नव्हतीस, म्हणून घाबरून दिवा लावला. तो माणूस मला सायकलला लागला तेव्हाच कळला.'

छान दिसतेस मागून! मी लाजले होते. काय काय खोटं होतं याचं, मोजत बसले तर मलाच वेड लागेल. टोळीसमोर मला तोंडघशी पाडलं ते याचसाठी — सगळ्यांनी दिवे लावले असते तर हा आंधळाच झाला असता. मी भांडत होते कप्तानशी, आणि खरं कारण घरातच बसलेलं माझ्या ताटाशेजारी!

मग एकदम ते डोक्यात आलं. हातातला घास खाली ठेवला.

'आणि बस?'

'रस्ता पाठ आहे मला. थांबे पाठ आहेत. उजाडेपर्यंत हळू चालवतो.'

हळू चालवतो! पहाटेच्या काळोखात, बसभर बाया घेऊन, हळू! मी ओरडले. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल, ऐकू दे. उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल, ऑफिसात सांग, बस सोड. तो वर बघेना. 'सांगितलं की त्याच दिवशी चावी काढून घेतील. मला दुसरं काय येतं? लेकीचं शेवटचं वर्ष आहे. जूनपर्यंत जाऊ दे. मग मी स्वतः सांगतो.'

'आणि तोपर्यंत कुणी आडवं आलं तर? त्याचंही कुत्रं करणार?'

रडला. मी त्याला रडताना फक्त एकदा बघितलंय, लेक झाली तेव्हा. म्हणाला, 'तू सांगितलंस तर मी नाही म्हणणार नाही. खोटं बोलणार नाही. पण सांगू नकोस.'

नवरा असा असतो? स्वतः गुन्हा करायचा आणि गप्प बसायचं ओझं बायकोच्या डोक्यावर! बावीस वर्षांत एवढं परकं कुणी वाटलं नव्हतं मला, त्या ट्रकवाल्यासकट.

ठरलंय माझं. उद्या पहाटे कोपऱ्यावर जाऊन उभी राहणार. बस थांबली की सगळ्यांदेखत सांगणार. नर्सला तर चढूच देणार नाही. टोळीसमोर एकटी बोलले तेव्हा घाबरले नाही, आता काय म्हणून घाबरू!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले होते कोपऱ्यावर. काळोख होता. बस आली, दार उघडलं, आतला दिवा लागला. हा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ समोर बघत होता. माझ्याकडे वळला नाही. नर्स पळत आली, मला बघून थांबली. 'ताई! एवढ्या पहाटे? अजून रागावलीयस का माझ्यावर?'

मी म्हटलं, 'नाही गं. चढ लवकर, उशीर होईल तुला.'

ती चढली.